लाल दिव्याची नोटीस

वकिली करणाऱ्या माणसास नोटिशीचे भय उरत नाही, असा आमचा पुष्कळ दिवस समज होता. इतरांना आलेल्या नोटिशींस उत्तरे देण्यात वीस वर्षे घालविल्यावर, स्वतःस आलेली एक नोटीस आम्ही कशी केराच्या टोपलीत टाकली, त्याची ही कबुली आहे.

श्रीमंगेशाच्या माघी जत्रेसाठी मातोश्री व भाचा यांस घेऊन आम्ही बेळगावहून निघालो होतो. जांबोटीच्या वाटेवर एका चढाला गाडीच्या फलकावर लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. पाण्याच्या लाटांत उभ्या केलेल्या थर्मामीटरचे ते चित्र. भाचा म्हणाला, "मामा, दिवा लागला होता." "खड्ड्याच्या हादऱ्याने लागला असेल," असा निकाल आम्ही पुरावा न तपासताच देऊन टाकला.

देवदर्शन यथासांग झाले. परतीच्या दिवशी मात्र आम्हांस घाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एका वृद्ध कुळवाडी बाईच्या दाव्यात आमचा युक्तिवाद होता. साखळी मागे पडली, केरीनंतर चोर्ल्याचा घाट सुरू झाला आणि तो दिवा पुन्हा लागला. या वेळी तो विझेना. काटाही तांबड्या रेघेला जाऊन भिडला. तरी मन म्हणे, माथा आता फार दूर नाही, तेवढे चढून जावे. मनुष्याचा घात करणारा युक्तिवाद नेहमी असा "तेवढ्या"चाच असतो.

"अरे, थांब की!" मातोश्री म्हणाल्या, तेव्हा कोठे आम्ही शुद्धीवर आलो. गारवा देणारे यंत्र बंद केले आणि उष्ण हवेचे बटण पुरते फिरविले. प्रवाशांस घाम फुटतो खरा, पण इंजिनाची उष्णता तेवढीच बाहेर ओढली जाते. रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली व इंजिन बंद केले. बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती. ती ओसरताच भाच्याने बॉनेट उघडले आणि हातरुमाल गुंडाळून टाकीच्या टोपणाला हात घातला.

"कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण काढतात काय रे?" मातोश्री मागून कडाडल्या. भाच्याचा हात जागीच थांबला.

कायद्याच्या पदवीने जे आम्हांस सुचले नाही, ते स्वयंपाकघराने सुचविले. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण. साधे पाणी 100 अंशांवर उकळते. हे मिश्रण बंद टाकीतील दाबामुळे 120 अंशांपर्यंतही उकळत नाही. टोपण काढले की दाब एकाएकी नाहीसा होतो आणि सारे मिश्रण उसळून तोंडावर, हातांवर येते. मुलाचे डोळेच गेले असते.

सुमारे तासभर आम्ही तसेच बसून राहिलो. मातोश्री जप करीत होत्या. इंजिन हाताला सोसेल इतके निवल्यावर जाड फडके घेऊन टोपण किंचित फिरविले, उरलासुरला दाब जाऊ दिला, मगच काढले. कूलंट खालच्या रेघेच्याही पुष्कळ खाली होते. तापल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास धातूस तडा जाऊ शकतो, म्हणून एवढी प्रतीक्षा. जवळचे पिण्याचे पाणी थोडेथोडे ओतले, तोच खाली रबरी नळीच्या सांध्यातून थेंब गळू लागले. प्रश्न मिटला. गळक्या गाडीने घाट चढणे नव्हे. ओढून नेणारी गाडी बोलाविली आणि मध्यरात्री घरी पोहोचलो.

मेकॅनिकने सैल झालेली एक क्लिप आणि चिरलेली नळी दाखविली. "तसेच चढला असता, तर गॅस्केट जळून हेड वाकले असते," तो म्हणाला. पहिल्या दिवशी पातळी आधीच उतरलेली असणार. चढावर कमी पडले, सपाटीवर दिवा विझला, इतकेच. विझलेल्या दिव्यास आम्ही निर्दोष सुटका समजलो होतो.

रात्रभराच्या त्या दगदगीनंतर युक्तिवादास उभे राहण्याचे त्राण उरले नव्हते. कोर्टात आम्ही तारीख मागितली, ती मिळाली. दोन बस बदलून आलेली ती बाई काही बोलली नाही. पिशवी उचलून "बरं साहेब" एवढेच म्हणाली आणि निघाली. गाडीच्या दुरुस्तीचा खर्च आम्ही विसरलो, तिचा तो शब्द विसरलो नाही. आमच्या हयगयीचा दंड तिने भरला होता.

आता दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीतील पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे ना, हे आम्ही पाहतो. कूलंट सांडलेच तर लगेच धुऊन टाकतो. ते चवीला गोड आणि विषारी असते, मुकी जनावरे चाटतात. एक मिनिटाचे हे काम. वाचकहो, नोटीस आली की उत्तर द्यावे, आणि तेही मुदतीत.