तंजावरची मराठी

कावेरीच्या खोऱ्यात उतरलेल्या मराठी प्रवाशाचा पाय बहुधा बृहदीश्वराच्या देवळातच घुटमळतो. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेल्या या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसलेकुळाचा इतिहास कोरवून घेतला, आणि तो मराठीत! परमुलखात आपली भाषा दिसली की ऊर भरून येतोच. पण तेवढ्यावर समाधान मानून गाडीकडे वळणाऱ्याने अर्धेही तंजावर पाहिले नाही, असे मला वाटते.

१६७५-७६च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे येथे गादीवर बसले, तेव्हा चोळांची तमिळ होतीच. तिच्या शेजारी नायक राजांची तेलुगूही येऊन बसली होती. त्यांत मराठीची भर पडली. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे यांनी 'पंचभाषाविलास' नाटक रचले. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी एकाच रंगमंचावर बोलतात. मराठी नाटकाचा जन्म आपण १८४३ सालचा, सांगलीचा मानतो. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तंजावरात मराठी नाटके लिहिली जात होती, असे बी. ए.च्या वर्गात सांगितले की मुले माझ्याकडे संशयाने पाहतात.

मला स्वतःला मोह पडतो तो सरफोजींच्या 'देवेंद्र कुरवंजी'चा. कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार. नायिका विरहाने व्याकूळ झालेली असते आणि भविष्य सांगणारी डोंगरातली भटकी बाई तिचा हात पाहते. सरफोजींनी ही बाई मराठीत बोलती केली, आणि तिच्या तोंडी घातले काय, तर जगाचा भूगोल! राजांना जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांचा सहवास लाभला होता, त्याचा हा परिणाम असावा. त्यांच्याच दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाची मांडणी बसवली.

१८५५ साली राज्य खालसा झाले. गादी गेली, कीर्तन मात्र राहिले. मराठी कीर्तनकारांचे ऐकूनच तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली मंडळी तिच्यात कायमची वस्तीला गेली. हुकुमाने हे घडले नसते. ऐकणाऱ्याला गोड वाटले, म्हणून घडले.

घरातली तंजावरी मराठी मात्र ओसरत चालली आहे. तिच्यातले जुने शब्द आणि तमिळ हेल ऐकून पुण्या-मुंबईचे पाहुणे हसतात, तेव्हा मला राग येतो. साडेतीनशे वर्षे शेजाऱ्यांशी बोलत आलेली भाषा आणखी कशी वाजणार? तिकडे गेलात तर देवळानंतर राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयाकडे वळा. मराठी हस्तलिखिते तिथे आहेत. आणि एखाद्या वृद्ध तंजावरकराची गाठ पडलीच, तर त्यांचे मराठी सुधारायला जाऊ नका, नुसते ऐका.