मनगटावरचे घड्याळ

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे गाव साखर कारखान्याच्या सावलीत वाढले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला. पुढे पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे नाव या गावाशी जोडले गेले. गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रीघ लागते, हवेत मळीचा उग्र गोड वास भरून राहतो आणि पाळी बदलल्याचा भोंगा दूरच्या वस्तीपर्यंत पोहोचतो. अशा गावात वेळ पाहावी लागत नाही. ती ऐकू येते. आईने भाकरीसाठी चूल केव्हा पेटवावी आणि वडिलांनी डबा घेऊन केव्हा निघावे, हे सारे त्या भोंग्यावर ठरते. म्हणूनच की काय, येथील एका हंगामी कामगाराच्या घरी भिंतीवर चालते घड्याळ नव्हते आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेही नव्हते.

अडले ते दहावीच्या सराव परीक्षेत. या घरातील मुलगी गणिताच्या पेपरास बसली होती. चाळीस गुणांचा पेपर आणि वेळ दोन तास. वर्गातील घड्याळ तिच्या पाठीमागच्या भिंतीवर होते व मान वळवून मागे पाहण्याचा तिला संकोच वाटत होता. एका भूमितीसारख्या किचकट वाटणाऱ्या आलेखात ती गुंतून पडली आणि शेवटचा प्रश्न हाती घेते न घेते तोच घंटा झाली. तो प्रश्न तिला येत होता! न येणारा प्रश्न सुटला तर मनुष्य हळहळतो आणि विसरतो. येणारा प्रश्न सुटला की रात्री झोप लागत नाही. वर्गशिक्षिकांनी तिला दुसऱ्या दिवशी एवढेच सांगितले, "मनगटावर एक साधे घड्याळ बांधून येत जा."

घरात वेळ दाखविणारी वस्तू एकच, ती म्हणजे वडिलांचा मोबाइल. तो त्यांच्याबरोबर पाळीवर जाई आणि परीक्षेच्या दालनात तर त्याला मुळीच मज्जाव. मनगटावरचे स्मार्ट घड्याळही तेथे चालत नाही. आईने बचत गटाच्या वहीत घडी करून ठेवलेली पाचशे रुपयांची नोट काढली आणि ती मुलीच्या हाती देताना म्हणाली, "यातच भागवायचे. उरले तर परत आण."

आजोबांनी मात्र आपली पत्र्याची पेटी उघडली. हातरुमालात गुंडाळलेले त्यांचे घड्याळ त्यांनी नातीपुढे ठेविले. ते एचएमटीचे 'जनता' होते. बंगळूर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली घड्याळांचा कारखाना काढला, आणि तोपर्यंत परदेशी घड्याळाकडे दुरून पाहणाऱ्या शिक्षक, कारकून, कामगार यांच्या मनगटावर देशी घड्याळ आले. आजोबा कारखान्यात फिटर होते. बोनसच्या पैशांतून त्यांनी ते घेतले होते आणि निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी न चुकता त्याला किल्ली दिली होती. आता ते तासभर चाले आणि थांबे.

"दुरुस्त करून घे. सतरा खड्यांचे आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात किंमत सांगितल्याचा भाव नव्हता. वंशाची ओळख करून दिल्याचा होता.

रविवारी आजोबा आणि नात एसटीने अकलूजला गेले. तेथे एका अरुंद गाळ्यात एक वृद्ध घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेले होते. त्यांनी 'जनता'चे मागचे झाकण उघडले, आत निरखून पाहिले आणि भिंग न काढताच सांगितले, "तेल सुकले आहे, आबा. कमानही थकली आहे. साफसफाई आणि नवी कमान मिळून साडेचारशे होतील. एवढे करूनही दिवसाला दोन मिनिटे मागेपुढे होईल. तुमच्याशी खोटे कशाला बोलू?"

दिवसाला दोन मिनिटे हे ऐकून आजोबांचा चेहरा उतरला. पण मुलीने बोटांवर हिशेब मांडला. चोवीस तासांत एकशेवीस सेकंद, तर तीन तासांत अवघे पंधरा सेकंद. सकाळी वेळ जुळवून घेतली तर पेपरापुरते हे घड्याळ पुरेसे खरे! घड्याळजींनी तिच्याकडे कौतुकाने पाहिले. हा हिशेब पुष्कळ गिऱ्हाइकांना सुचत नाही. ते अचूकपणासाठी पैसे मोजतात आणि मग घड्याळ पाच मिनिटे पुढे लावून ठेवतात.

तरीही तिचे समाधान होईना. मागे पडणाऱ्या घड्याळाचे तिला भय नव्हते. थांबणाऱ्या घड्याळाचे होते. "ऐन पेपरात बंद पडणार नाही ना?" तिने विचारले. घड्याळजी म्हणाले, "पन्नास वर्षांचे यंत्र आहे, बाळ. वचन कसे देऊ?"

मग त्यांनी काचेच्या कपाटातील खण बाहेर ओढला. त्यात शेदीडशे रुपयांपासून पुढच्या किमतीची घड्याळे होती. ती बहुतेक सारी क्वार्ट्झची होती, म्हणजे सेलवर चालणारी. आजोबांच्या घड्याळात एक चक्र सेकंदाला पाच ठोके देत झुलते. या घड्याळांत गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाची इवलीशी काडी सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावते. ही संख्या विचित्र वाटते खरी, परंतु ती पंधरा वेळा निम्मी करीत गेले की नेमका एक उरतो, आणि त्या एकावर सेकंदकाटा एक पाऊल टाकतो. १९६९ साली जपानच्या सेइको कंपनीने असे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले तेव्हा ते श्रीमंतांचे भूषण होते. पुढे तेच तंत्र इतके स्वस्त झाले की किल्लीच्या घड्याळांचे दिवस सरले. एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णयही केंद्र सरकारने २०१६ साली घेतला.

मुलीने प्रथम उचलले ते आकड्यांचे, डिजिटल घड्याळ. ते सर्वांत स्वस्त होते. परंतु ते दर तासाला टुणकन वाजे. शांत दालनात तो आवाज झाला तर सारा वर्ग आपल्याकडेच पाहील! शिवाय "११:४७" असे वाचल्यावर उरलेल्या वेळेची वजाबाकी करावी लागते. काट्यांच्या तबकडीवर ती वजाबाकी डोळाच करतो. उरलेला वेळ पोळीच्या चतकोरासारखा समोर दिसतो.

दुसरे होते सोनेरी, नाजूक, मुलींसाठी म्हणून वेगळे मांडलेले. त्याच्या तबकडीवर आकडेच नव्हते. बाराच्या जागी एक चमकता खडा होता. ते तिने मनगटाला लावून पाहिले, हात लांब करून पाहिले, आणि पुन्हा एकदा पाहिले. पंधराव्या वर्षी कोण पाहणार नाही? त्याची किंमत चारशे नव्वद होती. तिने ते हळूच खणात ठेविले.

तिसऱ्याची तबकडी पांढरी, आकडे ठळक काळे आणि साठही मिनिटांच्या रेघा स्पष्ट होत्या. किंमत दोनशे ऐंशी. झाकणावर '३० मीटर' असे कोरलेले होते. आजोबांना वाटले, हे विहिरीत उतरले तरी चालेल. घड्याळजी हसून म्हणाले, "तो आकडा पोहण्यासाठी नाही. हात धुताना चार थेंब उडाले तर सोसेल, एवढाच त्याचा अर्थ." सेल नवा घालून देण्याचे त्यांनी कबूल केले. पट्टा मात्र पुरुषी मनगटाचा होता. त्यांनी टोच्याने त्याला आणखी दोन भोके पाडून दिली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

दोनशे वीस रुपये उरले. एसटीत बसल्यावर मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग तिने विचारले, "आबा, तुम्हाला राग नाही ना आला?"

"राग कसला?" आजोबा म्हणाले. "मी घेतले तेव्हा मलाही एक परदेशी आवडले होते." ते कोणते, हे त्यांनी सांगितले नाही. रुमालात गुंडाळलेले 'जनता' त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात जपून ठेवले होते.

आईने उरलेले पैसे मोजून पुन्हा वहीत ठेविले. त्या रात्री आजोबा नव्या घड्याळावर नजर रोखून ओसरीवर बसले. आठचा भोंगा झाला तेव्हा मिनिटकाटा बाराच्या किंचित पुढे गेला होता. फार तर अर्ध्या मिनिटाचा फरक असेल. मुलीने घड्याळ जुळवून घेण्यासाठी हात पुढे केला. ज्या भोंग्यावर आजोबांनी आयुष्यभर धाव घेतली होती, तो अद्याप वाजतच होता.

"राहू दे," ते म्हणाले. "भोंगा वाजविणारा माणूसच असतो. त्याला आज जरा उशीर झाला असेल."