गाणाऱ्या माणसाशेजारी

हवाईयन गिटारच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला जायच्या आधी आयोजकांचा फोन ठरलेला असतो. "दादा, गायक कोण घेताय?" माझ्या वयाच्या अनेक वादकांना हा प्रश्न लागतो. बासरीच्या मैफलीला कुणी गायक मागत नाही, सतारीला मागत नाही, मग आमच्याच वाद्याला कुबडी कशाला, असं ते म्हणतात. मला मात्र हा प्रश्न रास्त वाटत आला आहे.

सतारिया राग वाजवतो, त्याला शब्दांची गरज नसते. आम्ही हवाईयन, म्हणजे स्टील गिटारवाले बहुतेक वेळ गाणी वाजवतो. कवीनं लिहिलेली, संगीतकारानं शब्द समोर ठेवून बांधलेली गाणी. त्यातले शब्द काढले तर हातात अर्धंच गाणं राहतं आणि उरलेलं अर्धं श्रोता मनातल्या मनात म्हणत असतो. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, सुनील गांगुली या गिटारवादकांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या, त्यामागे त्यांची हुकमत तर होतीच, पण ऐकणाऱ्याची तयारीही होती. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि पुढं कित्येक वर्षं आख्खा देश तीच गाणी आठवडाभर गुणगुणत राहिला. शिप्लींनी गिटारवर मुखडा छेडला, पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी ॲकॉर्डियनवर साथ दिली, की शब्द लोक आपापल्या घरी भरत होते. गायक होताच. तो समोर बसलेला होता, इतकंच.

हे अजूनही अनुभवायला मिळतं. आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरात (जुन्या औरंगाबादेत) निराला बाजारच्या तापडिया नाट्यमंदिरात किंवा उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिरात मी गीतरामायणातलं काही वाजवायला घेतो, तेव्हा पहिल्या चार सुरांत पुढच्या रांगांमधले ओठ हलायला लागतात. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेली ती ५६ गाणी कित्येकांना क्रमानं येतात. तिथं गायकाची गरजच पडत नाही, उलट मधे कुणी गायला लागलं तर लोकांच्या मनातलं गाणं विस्कटतं. पण त्याच सभागृहात मागच्या बाजूला त्यांची नातवंडं बसलेली असतात. त्यांना ऐकू येते ती फक्त एक गोड सुरावट. ती आवडतेही त्यांना. पण 'इथं सूर का थांबला, इथं का चढला' हे त्यांना कळायला मार्ग नाही, कारण थांबण्याचं कारण शब्दात आहे आणि शब्द त्यांच्यापाशी नाहीत. दरवर्षी पुढच्या रांगा विरळ होताहेत. समोरचा गायक कमी होत चालला असेल तर त्याला मंचावर आणून बसवलं पाहिजे, असं माझं सरळ मत आहे.

या वाद्याचा जन्मही गाण्याच्या संगतीतला. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू या शाळकरी मुलानं १८८९च्या सुमारास तारांवर लोखंड घासून हा आवाज काढला, असं मानतात. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर तो अमेरिकाभर पसरला. आपल्याकडे तो रुजवणाऱ्यांत टाऊ मो यांचं नाव मोठं. १९४०च्या दशकात ते कोलकात्यात राहिले. ते स्टील गिटार वाजवत आणि त्यांच्या पत्नी रोझ शेजारी बसून गात. म्हणजे ही गिटार भारतात रुजली ती गाणाऱ्या बाईचा हात धरून. एकट्या गिटारची चाल तबकड्यांमुळं पडली. त्याच कोलकात्यात काझी अनिरुद्ध झाले, कवी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव. १९४२ साली नझरुल यांची वाचा आजारपणात गेली, आणि मुलगा वडिलांची गाणी गिटारवर वाजवत राहिला. मला या बापलेकांचा विचार नेहमी गलबलून टाकतो. तिथं शब्दांविना वाजणाऱ्या गिटारला वेगळाच अधिकार होता. आपल्यापैकी प्रत्येकाला तो आपोआप मिळत नाही.

आता हाताच्या कामाबद्दल. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात स्टीलचा बार, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. तार छेडली की आवाज पहिल्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि तिथून उतरतच जातो. गळ्याचं नेमकं उलटं. गायक सूर हलका लावतो, मग फुलवतो. ते फुलणं गिटारवर आणायचं तर उजव्या हाताची करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर ठेवावी लागते. तार छेडताना आवाज जवळजवळ बंद, आणि छेडल्या छेडल्या करंगळीनं तो उघडत न्यायचा. आघात ऐकूच येत नाही, सूर उगवल्यासारखा वर येतो. हे तंत्र पुस्तकात एका ओळीत संपतं. पण सूर किती उघडायचा आणि कुठं सोडायचा, हे गाणाऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय समजत नाही.

दुसरी गोष्ट अक्षरांची. तार छेडणं म्हणजे व्यंजन, बार सरकवणं म्हणजे स्वर. एका अक्षरावर चार सूर असतील तर तार एकदाच छेडायची, बाकीचं बारनं न्यायचं. नवं अक्षर आलं की नवा आघात. जोडाक्षर आलं तर अंगठ्याची नखी थोडी कडक. ओळ अनुस्वारावर संपत असेल तर तळहाताची कड तारेला हलकेच टेकवून सूर मिटवायचा. ज्याला गाण्याचे शब्द पाठ नाहीत तो दर सुराला तार छेडतो, आणि मग चाल बरोबर असूनही गाणं गाण्यासारखं वाटत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी नोटेशनच्या आधी शब्द लिहून आणायला सांगतो. पुष्कळांना हे फुकटचं काम वाटतं. शब्द सोडून रागाकडे गेलेल्यांनाही गळ्यापासून सुटका नाहीच. ब्रिजभूषण काब्रांनी १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीत हीच गिटार रागदारीच्या पंगतीला नेऊन बसवली, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या देबाशिष भट्टाचार्यांनी अजय चक्रवर्तींकडे गाण्याचीही तालीम घेतली.

माझ्याबरोबर गेली काही वर्षं एक ताई गातात. शाळेत संगीत शिकवतात, आवाज मोकळा आहे, शब्दांची जाण पक्की. तालमीत त्यांचा एकच आग्रह असतो.

"दादा, माझ्या ओळीवर चढू नका. ओळ संपली की मी श्वास घेते, ती जागा तुमची."

"ताई, ती जागा केवढीशी असते!"

"मग तेवढंच बोला ना. पण मी परत तोंड उघडायच्या आत तुमचा सूर मिटलेला हवा."

यात सगळं शास्त्र आलं. गायक आणि गिटार एकाच वेळी तीच चाल म्हणू लागले की दोघांचीही नासाडी होते. श्रुतीत केसाएवढा फरक पडला तरी तो दोघांच्या नावावर जमा होतो, आणि स्टील गिटारला पडद्यांचा आधार नाही, पडदा ही नुसती खूण, बार बरोबर तिच्या वर आला तरच सूर. म्हणून ओळ गायकाची, श्वासाची फट गिटारची. अमेरिकेत हँक विल्यम्सच्या गाण्यांत डॉन हेल्म्सची स्टील गिटार ऐका. आवाज मधल्या पट्टीत चाललेला असतो आणि गिटार त्याच्या वरच्या अंगानं, बारीक टिपेत बोलते. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

पट्टीचाही प्रश्न असतो. माझी गिटार पांढरी तीनला लावलेली, ताई गातात काळी चारमध्ये. म्हणजे माझा सा खुल्या तारेवरून उठून चौथ्या पडद्यावर जातो आणि मोकळ्या तारांची गुंज हातची जाते. तारा ताणून चार पडदे वर न्याव्यात तर तुटतात. पुष्कळ वादक अशा वेळी गायकालाच आपल्या पट्टीत ओढतात. तसं करू नये. गळा खाली ओढला की शब्द गिळले जातात, आणि ज्यासाठी गायकाला बोलावलं तेच हरवतं. माझ्या सोयीपेक्षा ताईंचा गळा महत्त्वाचा.

शब्दांचं हे महत्त्व मला सर्वांत जास्त जाणवतं ते बशर नवाज यांचं 'बाजार'मधलं गाणं घेताना. बशरसाहेब आमच्याच शहराचे. २०१५ साली ते गेले. १९८२च्या त्या चित्रपटासाठी खय्याम यांनी चाल दिली आणि गायले भूपिंदर सिंग, जे स्वतः उत्तम गिटारवादक होते. वली आणि सिराज या जुन्या उर्दू शायरांच्या या गावात ते गाणं न वाजवता कार्यक्रम संपवता येत नाही. पण त्याचे सगळे अंतरे एकाच चालीत आहेत. एका अंतऱ्यात चंद्र आहे, एकात भिजलेली हवा, एकात गल्लीच्या वळणावरचं दार. गाणारा ही चित्रं एकापुढं एक ठेवत जातो. गिटारवर तेच वाजवलं की पहिला अंतरा आणि शेवटचा अंतरा यांत काहीच फरक उरत नाही. मग वादक सजावट करायला लागतो, एकदा वरच्या सप्तकात, एकदा हार्मनी लावून. ऐकायला छान वाटतं, पण कवी बाजूला राहतो. आणि इथले उर्दू जाणणारे श्रोते शब्दावर मान डोलावणारे आहेत. ओळ पुरी होताना त्यांच्या तोंडून जी दाद निघते ती शब्दाला असते, माझ्या हार्मनीला नव्हे.

म्हणून हे गाणं आम्ही असं करतो. मुखडा मी एकटा वाजवतो, तबल्याशिवाय. पहिला अंतरा ताई गातात आणि मी हात उचलून बसतो. दुसऱ्यात त्यांच्या श्वासाच्या जागा भरतो. शेवटचा अंतरा त्या गात नाहीत, फक्त त्याचे शब्द चाल न लावता सांगतात, आणि मग मी तो वाजवतो. तोवर सभागृहातल्या प्रत्येकाकडे शब्द पोचलेले असतात, नातवंडांकडेसुद्धा. माझी गिटार इतकी लक्षपूर्वक ऐकली गेल्याचं समाधान दुसऱ्या कुठल्याही गाण्यात मिळत नाही.

निवेदकानं अर्थ सांगितला तर चालणार नाही का, असं काही जण सुचवतात. निवेदक अर्थ सांगेल, पण अक्षर कुठं लांबवायचं आणि कुठं तोडायचं हे तो दाखवू शकत नाही. कराओके ट्रॅकवर गाणाऱ्यांचीही आता गावात रेलचेल आहे. ट्रॅकवर श्वासाची जागा आधीच मोजून ठेवलेली असते, गायकाला तिथंच श्वास घ्यावा लागतो. मला समोर जिवंत माणूस हवा, जो एखाद्या दिवशी एका शब्दावर जरा जास्त रेंगाळेल आणि मला थांबायला लावेल.

मात्र गायकाला 'लोक कंटाळू नयेत म्हणून मधे दोन गाणी' या हिशोबानं बोलावलं जातं, त्याला माझा विरोध आहे. त्यात गिटारचाही अपमान आहे आणि गायकाचाही. ताईंना गाणी आठवडाभर आधी हवीत, तालमीला गिटारशेजारी खुर्ची हवी, साऊंड चेकला त्यांचा मॉनिटर माझ्या मॉनिटरइतकाच नीट लागायला हवा. आणि पत्रिकेवर त्यांचं नाव खाली बारीक अक्षरांत, तबला, की-बोर्ड, ध्वनिव्यवस्थेच्या ओळीत जाता कामा नये. आयोजकांचा पुढचा फोन आला की गायकाचं नाव सांगताना मी टाइपाचा आकारही सांगणार आहे.