काठावरचे पाच वॅट

व्हॉल्व्हचा अँप दुरुस्तीला आला की मी तो लगेच उघडत नाही. आधी सिरीज बोर्डला लावते. त्यात शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब अँपशी एकसर जोडलेला असतो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि अँप वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. मग थेट मेन्सवर लावायचा, गिटार न जोडता, आणि नुसतं ऐकायचं.

घूं असा आवाज थोडाफार सगळ्याच अँपमध्ये असतो. प्रश्न त्याच्या सुराचा असतो. आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरमधून गेल्यावर तिचा जो तरंग शिल्लक राहतो तो १०० हर्ट्झचा आणि जरा करवती असतो. तो ऐकू आला की फिल्टर कपॅसिटर थकले असं समजायचं. जाड, गोल गुणगुण ५० हर्ट्झची. तिचं मूळ हीटरच्या तारांत, अर्थिंगमध्ये नाहीतर गिटारच्या केबलमध्ये. दोन्हींमध्ये बरोबर एका सप्तकाचं अंतर आहे, त्यामुळे ज्याला थोडं स्वरज्ञान आहे त्याला मीटर हातात घेण्याआधीच अर्धी दिशा सापडते.

माझी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमधली. मुलगी कॉलेजात असताना बँडमध्ये वाजवायची, तेव्हापासून तिच्या मित्रांचे अँप आमच्या घरी यायला लागले. ती बाहेरगावी गेली तरी ते यायचे काही थांबले नाहीत. बहुतेक सगळे स्वस्तातले, पाच वॅटचे. आत एक ईसीसी८३, एक ईएल८४, दोन ट्रान्सफॉर्मर आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. अख्खं सर्किट वहीच्या अर्ध्या पानावर मावतं. एकच पॉवर व्हॉल्व्ह असलेली ही मांडणी लिओ फेंडरच्या छोट्या चॅम्पमध्येही होती, आणि व्हॉक्सच्या प्रसिद्ध एसी३० मध्ये असेच चार ईएल८४ असतात. वाजवणाऱ्यांना पाच वॅटच हवे असतात, कारण व्हॉल्व्ह खरा रंगात येतो तो पुरता ताणल्यावर. ट्रान्झिस्टर हद्द ओलांडली की लहरीचं टोक एकदम कापतो. व्हॉल्व्ह ते हळूहळू दाबत नेतो, आणि जोरात छेडलेली तार फाटण्याऐवजी भरीव होते. मोठ्या अँपला तिथवर न्यायचं तर शेजारी पोलीस बोलावतील.

म्हणून ‘स्वस्तातला आहे, काय दुरुस्त करायचा’ हे मला पटत नाही. सर्किटमध्ये काही कमी नसतं. काटकसर केलेली असते ती इतर ठिकाणी. व्हॉल्व्हचे सॉकेट चासीवर न बसवता थेट पीसीबीवर बसवलेले असतात. ईएल८४ हाताला चटका बसण्याइतका तापतो, मग गार होतो, पुन्हा तापतो. बोर्ड आणि पिन वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि शेवटी सोल्डर सुटतो. भिंग लावून पाहिलं तर पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते. अँप पंधरा मिनिटं छान वाजतो, मग करकर करतो, मग गप्प. लाकडी काडीने सॉकेटच्या कडेला हलकेच टोकलं की आवाज येतो-जातो. जुना सोल्डर पूर्ण शोषून काढायचा आणि नवा भरायचा. वरून थापून उपयोग नाही.

काडी लाकडीच, कारण आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात. प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटर ते धरून ठेवतात. रेझिस्टरमधून ते रिकामे करायचे, मीटरवर शून्य आल्याचं डोळ्यांनी पाहायचं आणि मगच हात घालायचा. याला माझ्या टेबलावर अपवाद नाही. दुसरा नियम मी अँप परत देताना सांगते: स्पीकरची वायर काढून अँप कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही की त्याच्यात प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. तो ट्रान्सफॉर्मर जळला तर मात्र खर्च खरंच परवडत नाही.

पावसाळ्यात खरखरणारे व्हॉल्यूमचे नॉब, सैल झालेले जॅक ही कामं अर्ध्या तासाची.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कोथरूडच्या एका मुलाच्या अँपने. त्याने तो परदेशातून आलेल्या कोणाकडून तरी घेतला होता. ‘‘काकू, परत व्हॉल्व्ह गेला,’’ असं म्हणत तो दर काही महिन्यांनी यायचा. दिवे मालवून पाहिलं तर ईएल८४ च्या करड्या प्लेटवर कुंकवाएवढा लाल डाग उमटत होता. असा डाग दिसला की पहिला संशय कपलिंग कपॅसिटरवर. तो गळत असेल तर ग्रिडवर डीसी येतो. व्हॉल्व्ह काढून ग्रिडची पिन मोजली, तर शून्य. कपॅसिटर निर्दोष.

मग कॅथोड. १८० ओहमच्या रेझिस्टरवर साडेनऊ व्होल्ट, म्हणजे साधारण ५३ मिलिअँपियर. स्क्रीनचे पाचेक वजा करा. प्लेटवर ३४० व्होल्ट. गुणाकार केला तर प्लेट जवळजवळ सोळा वॅट उष्णता सोसत होती, आणि ईएल८४ ची मर्यादा आहे बारा. हीटर मोजला: ६.३ च्या जागी ७. ट्रान्सफॉर्मरवर छाप होता २२० व्होल्टचा. त्या मुलाला मी घरचा मेन्स रात्री दहानंतर, तो वाजवायला बसतो त्या वेळी, मोजायला सांगितलं. २४५.

अशा अँपचं खरं दुखणं हेच. तो वाईट नसतो, काठावर चालत असतो. कारखान्यात हिशोब जेमतेम बसवलेला असतो, आणि आपल्याकडची रात्रीची वीज त्याला पलीकडे ढकलते.

तापकीर गल्लीतून १८ व्होल्ट, एक अँपियरचा साधा ट्रान्सफॉर्मर आणला. त्याची सेकंडरी मेन्सच्या वाटेत उलट्या दिशेने एकसर जोडली की तेवढे व्होल्ट वजा होतात. जोडल्यावर २६३ दिसले तर दिशा चुकली. दोन तारा अदलाबदल केल्या की २२७. फ्यूज घालून अर्थ केलेल्या लोखंडी डबीत ते बसवलं. कॅथोडचा रेझिस्टर २७० ओहमचा केला. आता हीटर साडेसहा, प्लेट ३१५, आणि उष्णता अकरा वॅटच्या आत. आवाजात त्याला फरक जाणवला नाही, आणि मला ते हवंच होतं.

तो तोवर व्हॉल्व्ह बदलत राहिला होता, आणि तसंच सगळे करतात. व्हॉल्व्ह हाताने उपसून काढता येतो म्हणून दोष त्याच्यावर जातो. एकेकाळी बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची. आज नवे येतात ते स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियातली आवक अडखळली आणि भाव चढले. इतक्या लांबून आलेली वस्तू मोजमाप न करता फेकून देणं मला बघवत नाही. म्हणून दुरुस्त केलेल्या प्रत्येक अँपच्या मागच्या फळीवर मी आतून एक कागद चिकटवते: तारीख, मेन्स, हीटर, प्लेट, कॅथोड. पुढे जो कोणी उघडेल त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.

त्या मुलाने आता स्वतःचा मल्टिमीटर घेतलाय. परवा मित्राचा अँप उचलून आणला आणि दारातूनच म्हणाला, ‘‘काकू, कॅथोड मी मोजलाय. साडेअकरा व्होल्ट.’’

‘‘छान. रेझिस्टर किती ओहमचा आहे?’’