धमनीवरचा पूल

तुळजापुरीं देवीचें दर्शन घेऊन पायऱ्या चढूं लागलों, तों छातींत कळ आली. पित्त म्हणून दोन महिने मीं ती घरांत लपविली. जन्मभर शिकविणाऱ्याचा हा शहाणपणा! अखेर सोलापुरास तपासणी झाली. धमनी स्वच्छ, परंतु तिचा एक भाग हृदयाच्या पृष्ठावरून न जातां स्नायूंतून जातो. डॉक्टर त्यास ‘मायोकार्डियल ब्रिज’ म्हणतात. रचना जन्मजात, बहुधा निरुपद्रवी. स्नायू आवळला कीं धमनी दबते. पण हृदयाचें स्वतःचें पोषण मुख्यतः प्रसरणकाळीं होतें. नाडी धांवूं लागली कीं तो काळच आखडतो, म्हणून ती मंद करणारी गोळी चालू आहे. शेजारच्या अप्पांनीं प्रेमानें दिलेली जिभेखालची गोळी मात्र हा दाब वाढवूं शकते, हें ऐकून सूनबाईंनीं ती डब्यांतून काढली. आतां पायऱ्या नात मोजते. दहा झाल्या कीं मला बसविते.