टाय लावलेलं 'बघू'

परवा कपाट आवरताना जपानी शिकतानाची जुनी वही सापडली. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय, 'मुझुकाशिई = कठीण'. अर्थ बरोबर आहे, शब्दकोशातही तोच सापडेल. पण ह्या एका शब्दापायी मी दोन पोरांची दिवाळी बुडवली. तर आज त्याबद्दल.

२००८ साली मी कावासाकीला क्लायंटच्या ऑफिसात बसायचो (मोठ्या थाटात 'ऑनसाइट'!) आणि टीम पुण्यात. तेव्हा जपानी परीक्षेच्या चारच पायऱ्या होत्या. खालून दुसरी मी पास झालो होतो. म्हणजे स्टेशनवर रस्ता विचारता यावा आणि मीटिंगमध्ये घात व्हावा, इतपत भाषा.

सप्टेंबरात मी एक नवं रिपोर्टिंग मॉड्यूल सुचवलं. समोरच्या साहेबांनी मान तिरकी केली, दातांतून 'स्स्स' असा श्वास आत ओढला आणि म्हणाले, "मुझुकाशिई देस ने..." मग थोडं थांबून, "केन्तो शिमास." विचार करतो. मी खूष! कठीण वाटतंय ना? मग करूनच दाखवू की! पुण्याला मेल टाकली. दोघं ज्युनियर रात्ररात्र बसले. त्यातला एक नांदेडचा. दिवाळीला घरी जायचं त्याचं तिकीट मी रद्द करायला लावलं.

नोव्हेंबरात डेमो झाला. साहेबांनी शेवटपर्यंत शांतपणे पाहिला, आभार मानले, आणि पुन्हा तेच म्हणाले. श्वासासकट.

बाहेर वेंडिंग मशीनपाशी टीममधल्या एका जपानी मुलाने कॉफीचा कॅन माझ्या हातात दिला. म्हणाला, ते सप्टेंबरातच नाही म्हणाले होते. मी चिडून विचारलं, मग तसं सांगितलं का नाही? तो म्हणाला, "सांगितलं की."

'केवाय' हा शब्द मला त्याच्याकडूनच कळला. 'कूकी योमेनाई'ची रोमन आद्याक्षरं. कूकी म्हणजे हवा (बिस्किट नव्हे, ब्राउझरमधलीही नव्हे), योमेनाई म्हणजे वाचता न येणं. समोरच्यांच्या मनात काय चाललंय हे ज्याला कळत नाही, तो केवाय. २००७ मध्ये हा शब्द इतका चालला की तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबेंनाही लोकांनी तो चिकटवला. म्हणजे सोबत तरी बरी होती :) मला मात्र तो मुलगा तोंडावर केवाय म्हणाला नाही. त्याला हवा वाचता येत होती.

ह्याच मुलाने पुढे आईने पाठवलेला चिवडा खाल्ला आणि ओरडला, "याबाई!" याबाई म्हणजे धोकादायक, वाईट. मी धावत पाणी आणलं, तर हा दुसरी मूठ भरतोय. तिथली तरुण मंडळी 'लय भारी'लाही याबाईच म्हणतात. आपलं 'खतरनाक' तरी दुसरं काय आहे?

पण 'केन्तो शिमास' मला कळलं नाही ह्याची लाज वाटते, कारण तो शब्द आमच्या घरात होता. सायकल मागितली की बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "बघू." त्यानंतर मी काही दुकानात जाऊन घंटी पसंत करून ठेवायचो नाही!

नांदेडच्या पोराला फोन केला, माफी मागितली. "असू दे हो सर," म्हणाला.

पुढच्या वर्षी त्याचा दिवाळीच्या रजेचा अर्ज ऑगस्टातच आला. मी तो त्याच मिनिटाला मंजूर केला.