मावशीची ओटी

वज्रेश्वरीच्या ५२ पायऱ्या मावशी एका दमात कधी चढली नाही. मधल्या एका पायरीवर सोनेरी कासव आहे. तिथे ती थांबायची, वाकून कासवाला हात लावायची, तो हात कपाळाला टेकवायची आणि मग कठड्याला धरून खालच्या रस्त्याकडे बघत उभी राहायची. "पाया पडतेय गं," म्हणायची. दम लागला असं तिने कधी सांगितलं नाही.

आमची वाट ठरलेली होती. भिवंडीहून एसटीने आधी गणेशपुरी. तिथे नित्यानंद बाबांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं. १९६१ च्या ८ ऑगस्टला बाबांनी देह ठेवला, तेव्हा मावशी परकर-पोलक्यातली पोर होती. त्यांचं शांत बसणं तिच्या डोळ्यांसमोर शेवटपर्यंत होतं. मग भीमेश्वराला हात जोडून कुंडाकडे. गंधकाचा तो उग्र दर्प आला की मावशीचा चेहरा खुलायचा. लुगडं पोटरीपर्यंत खोचून ती पायरीवर बसायची. आधी अंगठा बुडवून काढून घ्यायची, मग चवडा, मग टाच. पाणी सोसायला लागलं की ओंजळीने गुडघ्यांवर सोडत राहायची. पाय लालबुंद व्हायचे. तानसेच्या काठचं हे पाणी बारा महिने असंच ऊन असतं. पलीकडे अकलोलीलाही अशीच कुंडं आहेत. गुडघे शेकून झाले की आम्ही देवीकडे निघायचो.

हे देऊळ नवसाचं आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला साकडं घातलं, किल्ला हाती येऊ दे, तुझं देऊळ बांधीन, असं इथली परंपरा सांगते. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकडून मंदगिरीच्या टेकडीवर देऊळ उभं राहिलं. नगारखान्याचा दरवाजा वसईच्या किल्ल्याच्या दरवाजासारखा आहे. काका, म्हणजे मावशीचे यजमान, तो दरवाजा आला की हटकून मान वर करून बघायचे आणि ही गोष्ट सांगायचे. ऐकून पाठ झाली होती, तरी आम्ही ऐकायचो.

काका भिवंडीत यंत्रमागावर कामाला होते. कापसाची पूस आणि मागांचा खडखडाट यांत त्यांची उमर गेली. खोकला आधीपासूनच होता, पुढे तो छातीत बसला. मावशीने देवीला नवस केला. त्यांना बरं वाटू दे, चैत्रातल्या जत्रेला खणानारळाने ओटी भरीन. काका त्या पावसाळ्यात गेले.

पुढच्या चैत्रात मावशी म्हणाली, "चल, ओटी भरून येऊ." मी बघतच राहिले. ती म्हणाली, "ते गेले त्यात तिचा काय दोष? मी येईन म्हणाले होते ना?"

त्या दिवशी अमावस्येची गर्दी होती. पिशवीत हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं तिने स्वतः निवडून आणलेलं. नारळ तर तिघा दुकानदारांकडे कानाशी हलवून बघितलेला. रांगेतल्या एका बाईने आधी मावशीच्या कपाळाकडे पाहिलं, मग पिशवीकडे, आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "ह्यांनी कशी भरायची ओटी?" हळूच म्हणाली, पण ऐकू जाईल इतकं. मावशीने पिशवी माझ्याकडे दिली. "तू भर गं. मी मागे उभी राहते."

मी ओटी भरली. तांदळाची ओंजळ सोडताना तिचा हात माझ्या कोपराखाली होता. घट्ट, जवळजवळ दुखेल असा. गाभाऱ्यात खड्ग-गदा घेऊन देवी उभी होती आणि मावशी तिच्याकडे तक्रार नसलेल्या नजरेने बघत होती. मला ती नजर आजही पेलत नाही. चिमाजी अप्पांचा नवस फळला म्हणून देऊळ उभं राहिलं, त्याचा इतिहास झाला. न फळलेला नवस फेडायला आलेल्या बाईची कुठे नोंद होत नाही. माझ्या लेखी तिचं येणं तसूभरही कमी नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी असंच चाललं. खण तिचा, हात माझा. ती गेली त्यालाही आता काही वर्षं झाली. मी अजून जाते. परवाच्या जत्रेत माझ्यापुढे एक म्हातारी होती, कपाळ मोकळं, पदरात नारळ. तिने मागे वळून माझ्यापुढे खण धरला. मी म्हटलं, "आजी, तुम्हीच भरा, मी ताट धरते." तिने भरली. पुजाऱ्यांनी नारळ वाढवून तिच्याच हातात प्रसाद दिला. मागच्या रांगेतून कुणी काही बोललं नाही.

तुमच्या घरात अशी कुणी आत्या, मावशी, आजी असेल, तर येत्या चैत्रात तिला घेऊन या. आधी कुंडावर गुडघे शेकू द्या, कासवापाशी थांबू द्या आणि ओटी तिच्याच हाताने भरू द्या.